तांबी : बसवण्याआधी आणि बसवल्यावर

सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या गर्भनिरोधक साधनांत तांबीइतकं सोयीचं साधन, कागदावर तरी, दुसरं दिसत नाही. कॉपर-टी ३८०ए हा तिचा प्रकार एकदा बसवला की १० वर्षं चालतो, ३७५ हा प्रकार ५ वर्षं. रोज गोळीची आठवण ठेवायला नको, नवऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहायला नको, टाके नकोत, आणि मूल हवं असं वाटलं की काढून टाकता येते. तांबी बसवलेल्या १,००० बायकांपैकी पहिल्या वर्षात साधारण ८ जणींनाच दिवस जातात. एवढं असूनही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) विवाहित स्त्रियांमध्ये तांबी वापरणाऱ्या भरल्या जेमतेम २.१ टक्के. त्याच पाहणीत स्त्री-नसबंदीचं प्रमाण देशात ३७.९ टक्के आणि महाराष्ट्रात ४९.१ टक्के होतं. या तफावतीचं आरोग्य खात्यातलं ठरलेलं उत्तर म्हणजे ‘लोकांमधले गैरसमज’. तांबी वर चढते आणि काळजात जाते, तांबीने पिशवी सडते, कॅन्सर होतो, पुढे मूल होत नाही, असं बायका एकमेकींना सांगतात हे खरंच आहे. पण या अफवा हवेतून आलेल्या नाहीत. यांतल्या बहुतेकींच्या मुळाशी एखादी खरी गुंतागुंत आहे. ती कधी कुणाला तरी झाली, दवाखान्यातून तिचा नीट उलगडा कुणी केला नाही, आणि मग शेजारणींनी आपल्या परीने तो केला. तांबीच्या गुंतागुंती खऱ्या आहेत, त्या मोजलेल्या आहेत, आणि वेळेवर लक्षात आल्या तर त्यांतल्या बहुतेक निस्तरता येतात. त्या चिघळतात, कारण बाईला आधी काही सांगितलेलं नसतं आणि नंतर तिची विचारपूस होत नाही. साधनाची बदनामीही तिथूनच सुरू होते.

आपल्या देशाने हा धडा एकदा महागात शिकलेला आहे. जॅक लिप्स या अमेरिकी डॉक्टरने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला प्लास्टिकचा नागमोडी लूप तयार केला आणि १९६५मध्ये भारत सरकारने तो कुटुंबनियोजन कार्यक्रमात आणला. कानपूरला लूपचं उत्पादन सुरू झालं, जिल्ह्याजिल्ह्याला उद्दिष्टं वाटून दिली गेली, शिबिरं भरली. पहिल्या दोन वर्षांत दरवर्षी ८ ते ९ लाख लूप बसवले गेले. त्यानंतर दोनच वर्षांत हा आकडा ५ लाखांच्या खाली आला. लूपने अंगावर जास्त जातं, पोटात कळा येतात, काही वेळा तो आपोआप पडतो, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. पण शिबिर एका दिवसाचं असायचं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर पुढच्या गावात आणि रक्तस्राव होणारी बाई तिच्या गावात. तिला हे अपेक्षित आहे की धोक्याचं, गोळी घ्यायची की लूप काढायचा, हे सांगणारं कुणी नव्हतं. पुढे तांब्याची तार गुंडाळलेली, आकाराने सुटसुटीत आणि जास्त भरवशाची साधनं आली. चिलीचे हायमे सिपर यांनी तांब्याचा गुण दाखवला, अमेरिकेत हॉवर्ड टेटम यांनी टी आकार बसवला. तरी खेड्यापाड्यातल्या कित्येक घरांत सासवा सुनांना अजून लूपच्याच गोष्टी सांगतात. साधन बदललं, आठवण बदलली नाही.

अमेरिकेतलं प्रकरण याहून वाईट. १९७१ ते १९७४ या काळात ए. एच. रॉबिन्स या कंपनीने ‘डाल्कन शील्ड’ नावाचं साधन तिथे २० लाखांहून जास्त स्त्रियांना विकलं. त्याची भलामण करणाऱ्या संशोधकाचे त्यात स्वतःचे आर्थिक हितसंबंध होते. त्याने जाहीर केलेला अपयशाचा दर सुमारे १ टक्का होता, प्रत्यक्षात तो बराच जास्त निघाला. खरा घात मात्र शेपटाच्या धाग्यात होता. इतर साधनांना एकेरी, घट्ट धागा असतो. डाल्कन शील्डच्या नायलॉनच्या नळीत शेकडो बारीक तंतू होते आणि नळीची टोकं उघडी होती. दिव्याची वात तेल ओढते तसा तो धागा योनीमार्गातले जंतू वर गर्भाशयात ओढून घ्यायचा. गंभीर जंतुसंसर्ग झाले, साधन आत असताना दिवस गेलेल्या काही स्त्रिया गर्भपातातून पसरलेल्या संसर्गाने दगावल्या. लाखो दावे दाखल झाले आणि १९८५मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. हेच साधन, तेही निर्जंतुक न करता, घाऊक भावाने विकसनशील देशांत गेलं होतं, हा या कथेतला कमी सांगितला जाणारा भाग. या एका साधनापायी अमेरिकेत गर्भाशयात बसवायच्या सगळ्याच साधनांवरचा विश्वास इतका उडाला की १९९५मध्ये गर्भनिरोधन करणाऱ्या तिथल्या स्त्रियांपैकी १ टक्काही ती वापरत नव्हत्या. त्यात निर्दोष साधनंही भरडली गेली. आजच्या तांबीला एकेरी धागा आहे आणि डाल्कन शील्डचा दोष तिच्यात नाही. पण तिचे स्वतःचे दोष आहेत, आणि ते आता एकेक करून पाहायला हवेत.

सगळ्यांत जास्त आढळणारा, आणि माझ्या मते आपल्याकडे सगळ्यांत कमी गांभीर्याने घेतला जाणारा त्रास म्हणजे रक्तस्राव. तांब्याचे कण पुरुषबीजाला निकामी करतात आणि गर्भाशयाच्या अस्तरात एक सौम्य दाह चालू ठेवतात. गर्भधारणा टळते ती यामुळेच, आणि पाळीला जास्त जाणं, जास्त दिवस जाणं, कळा येणं हेही यामुळेच. एरवी एका पाळीत ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. तांबी असताना ते सरासरीने दीडपटीच्या आसपास जातं. पहिले तीन ते सहा महिने हा त्रास जास्त असतो, मग बहुतेकींचा कमी होतो, काहींचा होत नाही. पाठ्यपुस्तकात याला किरकोळ दुष्परिणाम म्हणतात, आणि धडधाकट, पोटभर जेवणाऱ्या बाईसाठी तो किरकोळ असेलही. पण वर उल्लेख केलेल्याच पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय होता. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४.२ टक्के होतं आणि आधीच्या फेरीपेक्षा वाढलेलं होतं. निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात मुळातच रक्त कमी असलेल्या देशात दर महिन्याला दीडपट रक्त जाणं हा हिशेब वेगळाच मांडावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार रक्तक्षय असलेल्या बाईला तांबी बसवता येते, कारण धोक्यापेक्षा फायदा मोठा आहे. मात्र त्याच निकषांत अशा बाईसाठी तांबी पहिल्या वर्गात नाही, दुसऱ्या वर्गात आहे, म्हणजे ‘चालेल, पण लक्ष ठेवा’. आपल्याकडे या वाक्यातलं ‘चालेल’ तेवढं ऐकलं जातं. लक्ष ठेवायचं म्हणजे बसवण्याआधी हिमोग्लोबिन तपासायचं, लोहाच्या गोळ्या सुरू करायच्या, महिन्या-दोन महिन्यांनी पाळी कशी येते ते विचारायचं, फार जात असेल तर पाळीच्या दिवसांत आयबुप्रोफेन किंवा ट्रॅनेक्सॅमिक आम्ल द्यायचं, आणि तरीही फरक पडत नसेल तर तांबी काढून दुसरा उपाय सुचवायचा. यात अवघड काही नाही, खर्चीकही फारसं नाही. लेव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक सोडणारं साधन उलट पाळीचा स्राव कमी करतं. पहिले काही महिने अधूनमधून डाग पडतात आणि वर्षभरात साधारण पाचांतल्या एकीची पाळी बंदच होते. पाळी थांबली म्हणजे काहीतरी बिघडलं असं वाटून तेही काढून टाकलं जातं, म्हणून तिथेही आधी सांगणं आलंच. रक्तक्षयाच्या बाईला हे साधन जास्त योग्य, पण आपल्याकडे ते मुख्यतः खासगी दवाखान्यात आणि पैसे मोजून मिळतं. ज्यांना त्याची गरज जास्त, त्यांच्या आवाक्यात ते कमी.

दुसरी भीती जंतुसंसर्गाची आणि त्यातून येणाऱ्या वंध्यत्वाची. या बाबतीत पुरावा बराच स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने वेगवेगळ्या खंडांतल्या चाचण्या एकत्र करून जवळपास २३,००० स्त्रियांची माहिती तपासली आणि ती १९९२मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. १,००० स्त्रियांनी वर्षभर साधन वापरलं तर त्यांत ओटीपोटाच्या संसर्गाच्या साधारण १.६ घटना दिसल्या. महत्त्वाची गोष्ट अशी की बसवल्यानंतरच्या पहिल्या २० दिवसांत हा धोका नंतरच्या काळापेक्षा सहापटींहून जास्त होता, आणि मग तो खाली येऊन वर्षानुवर्षं तसाच राहिला. याचा अर्थ उघड आहे. तांबी आत राहिल्याने संसर्ग होत नाही. आधीपासून असलेला संसर्ग बसवताना वर ढकलला जातो, किंवा बसवणाऱ्याच्या हाताने, अवजाराने जंतू आत जातात. वंध्यत्वाच्या प्रश्नाचं उत्तर मेक्सिकोतल्या एका अभ्यासाने २००१मध्ये दिलं. १,८९५ स्त्रियांच्या त्या अभ्यासात, गर्भनलिका बंद झाल्यामुळे मूल न होणाऱ्यांमध्ये तांबी वापरल्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळलं नाही. जास्त आढळल्या त्या क्लॅमिडिया या लैंगिक संसर्गाच्या खुणा. म्हणजे ‘तांबीने पुढे मूल होत नाही’ ही गोष्ट जशी सांगितली जाते तशी खोटी. पण आतून संसर्ग असताना, पिशवीच्या तोंडाशी पू असताना, तपासणी न करता घाईने तांबी बसवली तर नळ्यांना इजा होऊ शकते, एवढं सत्य त्या अफवेच्या पोटात आहे. उपाय बसवण्याआधीच्या दोन मिनिटांच्या तपासणीत आणि स्वच्छ हातांत आहे. बसवल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत ताप आला, ओटीपोट दुखू लागलं, दुर्गंधी असलेलं पांढरं जाऊ लागलं, तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा, हे वाक्य प्रत्येकीच्या कानावर पडलंच पाहिजे.

आता ‘तांबी वर चढते’ या समजाकडे वळू. तांबी काळजापर्यंत जात नाही. गर्भाशय ही बंद पिशवी आहे आणि तिथून छातीकडे वाट नाही. पण तांबी गर्भाशयाची भिंत भेदून पोटाच्या पोकळीत जाऊ शकते, आणि हे सहसा बसवतानाच घडतं किंवा तिथे त्याची सुरुवात होते. युरोपातल्या सहा देशांत ६१,००० हून अधिक स्त्रियांचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासात तांब्याच्या साधनाने असं छिद्र पडण्याचं प्रमाण दर १,००० मागे १.१ आणि संप्रेरकाच्या साधनाने १.४ आढळलं. आतडं किंवा मूत्राशय यांना गंभीर इजा झालेली त्यांपैकी एकही नव्हती. मात्र बसवताना जी बाई अंगावर पाजत होती, तिच्यात हा धोका इतरांच्या सहापट होता. स्तनपानाच्या काळात गर्भाशय लहान आणि मऊ झालेलं असतं. आपल्याकडे तांबी बसवून घेणाऱ्यांत मोठा वाटा अंगावर पाजणाऱ्या आयांचाच आहे, म्हणून हा आकडा युरोपातल्यापेक्षा इथे जास्त कामाचा. धोका सहापट झाला तरी हजारात मोजक्याच बायका, हे खरं. पण त्या मोजक्या ओळखायच्या कशा? छिद्र पडलेलं अनेकदा त्या वेळी कळतच नाही. दुखणं येतं आणि जातं. पुढे कधीतरी धागा हाताला लागत नाही, किंवा दिवस राहतात, आणि मग उलगडा होतो.

म्हणून धाग्याचं महत्त्व. पिशवीच्या तोंडातून योनीमार्गात येणारा तो दोन-तीन सेंटिमीटरचा धागा म्हणजे तांबी जागेवर असल्याची बाईला स्वतःला पटवून घेता येईल अशी एकमेव खूण. धागा सापडला नाही तर तीन शक्यता असतात. तो वर वळून पिशवीच्या तोंडात गुंडाळलेला असतो, आणि बहुतेकदा हेच असतं. किंवा तांबी नकळत पडून गेलेली असते. किंवा ती भिंतीबाहेर गेलेली असते. तपास सोनोग्राफीने सुरू होतो. सोनोग्राफीत गर्भाशयात तांबी दिसली नाही की ‘पडली असेल’ म्हणून बाईला घरी पाठवण्याची जी पद्धत काही ठिकाणी दिसते, ती चुकीची आहे. पोटाचा एक्स-रे काढल्याखेरीज तांबी पडली असं म्हणता येत नाही. तांबीचं प्लास्टिक एक्स-रेत दिसावं म्हणून त्यात बेरियम घातलेलं असतं, ते याचसाठी. पोटात आढळली तर ती दुर्बिणीने काढायची. आत राहू दिली तर आतडी तिच्याभोवती चिकटण्याची भीती असते. आपोआप पडण्याचं प्रमाण यापेक्षा कितीतरी जास्त आहे. पहिल्या वर्षात शंभरांत दोन ते दहा जणींची तांबी पडते, बहुधा पाळीच्या वेळी. न कळता पडली तर पुढची गोष्ट सांगायला नको.

तांबी आत असताना दिवस गेले तर काय, याबद्दल फार कमी बोललं जातं. हे क्वचित घडतं, पण घडतं. पाळी चुकली की तांबी असूनही लघवीची तपासणी करायची. गर्भ नळीत असण्याची शक्यता अशा वेळी जास्त धरावी लागते. इथे आकड्यांचा एक गुंता आहे आणि त्यावरून बरीच दिशाभूल होते. तांबी असलेल्या बाईला नळीत गर्भ राहण्याचा एकूण धोका काहीच न वापरणाऱ्या बाईपेक्षा बराच कमी असतो, कारण मुळात दिवसच जात नाहीत. पण गेलेच, तर त्यांत नळीतल्या गर्भाचा वाटा मोठा असतो. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. एका कुशीत दुखणं, भोवळ येणं, थोडं थोडं रक्त जाणं अशी लक्षणं दिसली तर तो जिवाचा प्रश्न समजायचा. गर्भ गर्भाशयातच असेल आणि धागा दिसत असेल तर तांबी लवकर काढणं चांगलं, मूल ठेवायचं असो वा नसो. आत राहू दिली तर निम्म्याच्या आसपास गर्भ पडतात, आणि संसर्गाची भीती असते ती वेगळी. कॅन्सरच्या समजाबद्दल मात्र फार वेळ घालवायचं कारण नाही. २०११मध्ये अनेक देशांतल्या २६ अभ्यासांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा अशी साधनं वापरलेल्या स्त्रियांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं प्रमाण जवळपास निम्मं आढळलं. तांबीने कॅन्सर होतो हे सांगणाऱ्यांच्या बाजूने काहीच नाही.

‘हे सगळं सांगत बसलं तर बसवून घेणार कोण?’ हा आक्षेप आरोग्यसेवेतल्या अनेकांच्या मनात असतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उपकेंद्रातल्या नर्सबाईंसमोर दहा जणी बसलेल्या असतात, त्यांतली एखादी कशीबशी तयार झालेली असते, आणि छिद्र, संसर्ग, रक्तस्राव हे शब्द ऐकून ती उठून गेली तर वर्षभरात नको असलेलं बाळंतपण घेऊन तीच परत येईल, ही भीती खरी आहे. पण या भीतीला पुराव्याची साथ मिळत नाही. मेक्सिकोत युकातान इथे गर्भनिरोधक इंजेक्शन घेणाऱ्या ३५० स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात एका गटाला पाळी कशी बदलेल ते नीट, आधी आणि पुन्हापुन्हा सांगितलं गेलं. दुसऱ्या गटाला नेहमीची जुजबी माहिती मिळाली. वर्षभरात पहिल्या गटातल्या १७ टक्के स्त्रियांनी इंजेक्शन सोडलं, दुसऱ्या गटातल्या ४३ टक्क्यांनी. ते इंजेक्शन होतं, तांबी नव्हे, हा फरक मान्य करूनही माणसाच्या स्वभावाबद्दलचं त्यातलं अनुमान इथे लागू पडतं. आधी सांगितलेला त्रास माणूस सोसतो, न सांगितलेल्या त्रासाने तो हादरतो आणि सांगणाऱ्यावरचा विश्वास गमावून बसतो. आपल्याकडची स्थिती काय? पाचव्या पाहणीत गर्भनिरोधन वापरणाऱ्या स्त्रियांपैकी, साधनाच्या दुष्परिणामांबद्दल कधी तरी सांगितलं गेलं होतं अशा ६२.४ टक्के होत्या. चौथ्या फेरीत त्या निम्म्यांहून कमी होत्या, म्हणजे सुधारणा आहे. तरी दहांतल्या जवळजवळ चौघी आजही काही न ऐकताच घरी जातात.

बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत तांबी बसवण्यावर गेल्या दशकभरात सरकारने भर दिला आहे, आणि त्यामागचा विचार बरोबर आहे. बाई दवाखान्यात असते, पुन्हा यायची खात्री नसते, आणि या वेळी छिद्र पडण्याचा धोका फार कमी असतो. पण पडण्याचं प्रमाण मात्र जास्त, साधारण दहांत एक, आणि योनीमार्गे बाळंत झालेल्यांत सिझेरियनवाल्यांपेक्षा अधिक. शिवाय धागा सुरुवातीला वरच राहतो. त्यामुळे सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली नाही तर आपली तांबी जागेवर आहे की नाही हे त्या बाईला कळायला मार्गच नसतो. इथेच संमतीचा प्रश्न येतो. गरोदरपणाच्या तपासणीतच हे बोलणं व्हावं, प्रत्यक्ष कळा चालू असताना होकार घेऊ नये, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. दुसरीकडे बसवणाऱ्याला आणि सोबत येणाऱ्या आशाताईंना प्रत्येक तांबीमागे १५० रुपये देण्याची योजना आहे. आशाताईंच्या तुटपुंज्या मानधनात त्या पैशाचं मोल मी कमी लेखत नाही. पण पैसा बसवण्याला मिळतो आणि सहा आठवड्यांनंतरच्या विचारपुशीला मिळत नाही, तेव्हा यंत्रणेचं लक्ष कुठे राहणार हे वेगळं सांगायला नको. संमतीखेरीज बसवलेलं साधन कुठवर जातं याचं टोकाचं उदाहरण ग्रीनलँडचं आहे. १९६६ ते १९७० या काळात डॅनिश डॉक्टरांनी तिथल्या सुमारे ४,५०० स्त्रियांना आणि मुलींना, अनेकींना नकळत, लूप बसवले. काहींना वर्षानुवर्षं वेदना झाल्या, काहींना कधीच मूल झालं नाही, आणि डेन्मार्कच्या पंतप्रधानांनी त्याबद्दल माफी मागितली ती २०२५मध्ये.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. युरोपातले, मोठ्या चाचण्यांतले आकडे तालुक्याच्या दवाखान्याला कसे लावायचे? तिथे निष्णात डॉक्टर, इथे कधी आठवड्यातून एकदा येणारे. हा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. छिद्र पडणं बसवणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतं, संसर्ग तपासणीवर आणि स्वच्छतेवर. पण यातून तांबी नको हा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो असा की जिथे हात कमी सरावलेले आहेत तिथे नंतरची तपासणी दुप्पट गरजेची आहे, आणि आपण नेमकी तिथेच ती वगळतो. शिवाय तुलना कशाशी करायची हेही पाहावं लागतं. तांबी नाही म्हणजे काहीच धोका नाही असं नसतं. तांबी नाही म्हणजे अनेकदा नको असलेलं बाळंतपण, आणि देशात दर लाख जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात ३३, असं २०१८-२०ची नोंद सांगते. किंवा तांबी नाही म्हणजे पंचविशीतच नसबंदी, तीही कधी कधी शिबिरात. छत्तीसगडमध्ये बिलासपूर जिल्ह्यात नोव्हेंबर २०१४मध्ये अशा शिबिरांनंतर किमान १३ स्त्रिया दगावल्या होत्या. या दोन्हींच्या शेजारी ठेवली की तांबीची गुंतागुंत लहान दिसते, आणि ती लहानच आहे. तिसरं म्हणणं स्त्रीवादी कार्यकर्त्या फार पूर्वीपासून मांडत आल्या आहेत : प्रत्येक साधन बाईच्याच शरीरात का? पाचव्या पाहणीत पुरुष नसबंदीचं प्रमाण ०.३ टक्के आहे, त्यामुळे या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि कुणाकडे असेल असं वाटतही नाही. मात्र हा अन्याय आहे म्हणून बाईच्या हाती असलेलं एक चांगलं साधन नाकारणं म्हणजे तिच्यावरच दुसरा अन्याय करणं होईल.

राहिला काढण्याचा प्रश्न, आणि तिथे यंत्रणेची खरी परीक्षा होते. तांबी बसवायला बाई आली तर तिचं स्वागत होतं. काढायला आली तर ‘अजून थोडे दिवस बघ’, ‘नवऱ्याला घेऊन ये’, ‘मुदत कुठे संपलीये’ असं ऐकवलं जातं. तिला परत पाठवणाऱ्याला वाटतं की आपण एक गर्भनिरोधन वाचवलं. प्रत्यक्षात त्याने तिच्या वस्तीतल्या चार जणींना तांबीपासून लांब केलेलं असतं. धागा दिसत असेल तर काढायला काही मिनिटं पुरतात, भूल लागत नाही, आणि गर्भधारणेची क्षमता लगेच परत येते. उलट टोकाला, मुदत उलटून गेल्यावरही वर्षानुवर्षं आत राहिलेल्या तांब्या आणि जुने लूप म्हाताऱ्या बायकांच्या पोटात आजही डॉक्टरांना सापडतात, कारण बसवल्याची तारीख कुणी लिहून दिली नव्हती. तेव्हा तांबी बसवून घेणाऱ्या प्रत्येकीने प्रकार, तारीख आणि काढायचं वर्ष लिहिलेलं कार्ड मागून घ्यावं, पहिल्या पाळीनंतर किंवा सहा आठवड्यांनी तपासणीला जावं, आणि नको वाटेल त्या दिवशी काढून मागावं. त्यासाठी कारण सांगावं लागत नाही, आणि नवऱ्याची सही तर लागतच नाही.